सोमवारची श्रद्धांजली

१

बुधवारी निकिता कामावर आली नाही, तेव्हा पंकजाला वाटलं, पोरीला ताप आला असेल. संध्याकाळी तिचा भाऊ हनुमंत दुकानात डोकावला आणि "हितं आली व्हती का?" एवढंच विचारून गेला, तेव्हा मात्र तापाचं खरं नाही, हे पंकजाला कळलं. आणि गुरुवारी सकाळी ती दुकान उघडायला तिसगावच्या स्टँडसमोर पोचली, तर समोरच्या रेलिंगला सहा बाय चारचा नवा कोरा फ्लेक्स बांधलेला.

भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध निकिताचा फोटो, त्यावर झेंडूचा हार. जन्मतारीख. स्वर्गवासाची तारीख कालची, बुधवारची. आणि तळाला ठळक अक्षरांत, शोकाकुल : बिभीषण नाना व समस्त परिवार. नाना म्हणजे निकिताचा चुलता.

वडापच्या जीपची वाट बघणारी माणसं तिथं घोळका करून उभी होती.

"कशानं गेली म्हनं?"

"कशानं जातीय! पळाली काल दुसऱ्या जातीच्या पोरासंगं. घरच्यांनी मेली म्हनून जाहीर केलं."

"बरं केलं. असंच पायजे."

पंकजा फ्लेक्सजवळ गेली. गेली दोन वर्षं निकिता तिच्या दुकानात डिझाइनचं काम करत होती. वाढदिवस, उद्घाटन, दहावा, वर्षश्राद्ध, सगळं त्या पोरीच्या हातून जायचं. पंकजाला मूलबाळ नव्हतं, नवराही सहा वर्षांपूर्वी गेलेला. निकिता आपल्याला सगळं सांगते, हे पंकजा चारचौघांत अभिमानानं सांगायची.

हवालदार गोरक्ष मोटरसायकल उभी करून आले. "ताई, खाली दुकानाचं नाव नाही. तुमच्याकडं छापला का हा?"

"नाही. मला माहीतच नाही," पंकजा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पण तिचं लक्ष फोटोभोवतीच्या काळ्या चौकटीकडं गेलं आणि ती आणखी जवळ गेली. नगरपासून पाथर्डीपर्यंत कुठल्याही दुकानातला काळा उन्हात तपकिरी दिसतो. हा काळा विहिरीसारखा खोल होता. असा काळा करणारी दोनच माणसं तिला माहीत होती. एक ती स्वतः. दुसरी त्या चौकटीत होती.

२

पंकजा फोटोचं सॉफ्टवेअर कुठल्या क्लासात शिकली नव्हती. नवरा गेल्यावर दुकानात एक कॉम्प्युटर आणि भलं मोठं प्रिंटिंग मशीन उरलं होतं आणि तिला चालू-बंद करण्यापलीकडं काही येत नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्येच एक हेल्प असते, प्रश्न टाइप केला की उत्तर देणारी. ती सगळी इंग्रजीत. पंकजानं शेजारी शब्दकोश ठेवला आणि रोज दोन पानं वाचली. दोन वर्षांत ती हेल्प तिनं पोथीसारखी वाचून संपवली. इन्फो पॅनेल हे तिचं त्यातलं सगळ्यात लाडकं. चित्रात कुठंही बाण नेला की तिथं कुठली शाई किती टक्के आहे, ते ती छोटी चौकट सांगते. तिथंच तिला कळलं, की नुसती शंभर टक्के काळी शाई टाकली तर रंग फिका येतो. त्याच्याखाली निळी साठ, गुलाबी चाळीस आणि पिवळी चाळीस टाकली की काळा खोल होतो. हे तिनं एकट्या निकिताला शिकवलं होतं.

हवालदाराला तिनं सांगितलं, "मला थोडा वेळ द्या."

फोल्डरमध्ये निकिताच्या नावाची फाईल नव्हतीच. पण सॉफ्टवेअर उघडलं की अलीकडं हाताळलेल्या फायलींची यादी आपोआप दिसते. त्यात एक नाव होतं, 'बारसं'. गेल्या महिनाभरात दुकानात बारशाची एकही ऑर्डर आलेली नव्हती.

तिनं ती उघडली. हार घातलेली निकिता तिच्याकडं बघून हसत होती.

पंकजानं बाण चौकटीवर नेला. साठ, चाळीस, चाळीस, शंभर. म्हणजे हा फ्लेक्स निकितानं स्वतःच्या हातानं केला होता.

मग तिनं फाईलच्या माहितीची खिडकी उघडली. तिथं फाईल कधी जन्मली ते लिहिलेलं असतं, आणि सेटिंग करून ठेवलं तर प्रत्येक पायरी वेळेसकट नोंदली जाते. पंकजानं ते सेटिंग मुद्दाम चालू ठेवलं होतं. गिऱ्हाईक 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणून हुज्जत घालायला लागलं की उपयोगी पडायचं.

फाईल सोमवारी दुपारी पावणेतीनला तयार झाली होती.

पंकजानं तो वार दोनदा वाचला. निकिता घरातून गेली बुधवारी. आणि सोमवारी दुपारी कुणीतरी या फाईलमध्ये स्वर्गवासाची तारीख टाकली होती, बुधवारची. नोंदीत दिसत होतं, तारीख टाकली, पुसली. पुन्हा टाकली, पुन्हा पुसली. असं सहा वेळा. वीस मिनिटांच्या कामाला निकिताला दोन तास लागले होते.

सोमवारी पंकजा शाई आणायला नगरला गेली होती. निकिता एकटी होती का? की कुणीतरी तिच्या डोक्यावर उभं राहून, तिच्याच हातानं तिच्या मरणाची तारीख लिहून घेतली होती?

३

मशीन चालवणारा बजरंग पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पंकजानं विचारलं तेव्हा तो शाईचे डाग पुसत बसला होता.

"सोमवारी मी न्हवतो, ताई. मेव्हन्याच्या पोराच्या साखरपुड्याला गेल्तो. तुमाला सांगूनच गेल्तो."

"मशीन कुणी चालवलं मग?"

"निकिताला येतंय की. मंगळवारी आल्यावर रोल मापला तर सात फूट कमी. मला वाटलं, कुनाचं तरी अर्जंट काम केलं आसंल." तो थोडा थांबला. "एक सांगू का? गेल्या आठवड्यात बिभीषण नाना आला व्हता. तुमी बँकेत गेल्त्या. लई तडकला तिच्यावर. म्हनला, त्या पोराचं नाव पुन्यांदा कानावर आलं तर तुझा फोटो भिताडाला लागंल."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तीच म्हनली, ताईला सांगू नगा."

पंकजाला ते लागलं. ती उठली आणि चौकात गेली. फ्लेक्स अजून तसाच होता. दुकानातून गेलेला फ्लेक्स पोरं लाकडी चौकटीला खिळे मारून लावतात. हा सुतळीनं बांधला होता, प्रत्येक कोपऱ्याला दुहेरी पीळ देऊन आत खोचलेली गाठ. बजरंग मागून आला आणि त्यानं गाठ चिमटीत धरून बघितली.

"ही उसाच्या मोळीची गाठ हाय. कारखान्याला तोडीला गेलेल्या मान्साच्याच हातची."

बिभीषण नाना वीस वर्षं ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता. त्याचं सगळं घर एके काळी दिवाळीनंतर कोयते घेऊन बाहेर पडायचं. गाठ त्या घरातली होती, एवढं तर नक्की झालं.

शुक्रवारी सकाळी हनुमंत टेम्पो स्टँडवर सापडला. सव्वीस वर्षांचा तगडा गडी, डोळे तांबारलेले.

"हनुमंता, फ्लेक्स कुणी लावला रे?"

"नानांनी."

"तुला सांगून?"

"मला कशाला सांगत्यात? मी बुधवारी रातभर शेवगाव, पैठण हुडकत व्हतो. गुरुवारी नानांचा फोन आला, म्हनले माघारी ये, आता हुडकू नगं. येऊन बघतो तर फ्लेक्स." त्यानं गाडीच्या चाकावर लाथ मारली. "लोकं येऊन नानांच्या खांद्यावर हात ठिवत्यात. म्हनत्यात, खरा मानूस हाय. आता मेली म्हंजी मेली."

"तिचा फोन लागतो का?"

"मेलेल्याचा फोन लागतो का, ताई?"

आत्तापर्यंत जी शंका तिनं मनातही उच्चारली नव्हती, ती तिच्यासमोर येऊन उभी राहिली. निकिता पळून गेलेलीच नसेल तर?

४

वस्तीवर निकिताची आई साळूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. नवरा वारल्यापासून ती दिराच्या, बिभीषणच्या घरात राहत होती. पंकजाला वाटलं होतं, बाई रडून रडून आडवी झाली असेल. पण सूप एका लयीत हलत होतं आणि डोळे कोरडे होते.

"मावशी, मी निकिताबद्दल विचारायला आले."

"मेली ती. काय इचारायचं?"

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

साळूबाईनं सूप थांबवलं. घरात कुणी ऐकतंय का ते बघितलं. मग तिनं विचारलं, "ताई, त्यो फ्लेक्स उन्हात किती दिस टिकतो?"

"सहा महिने तरी. का?"

"सा म्हैनं," ती स्वतःशीच म्हणाली. "रंग जात न्हाई ना त्याचा?"

"आमचा काळा जात नाही."

साळूबाईनं मान हलवली आणि पुन्हा पाखडायला लागली. पोरीच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असं पंकजाला वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून ती परत फिरली. तेवढ्यात साळूबाई मागून म्हणाली, "ताई, तुमी याच्यात पडू नगा. पाया पडते." त्या विनवणीतही पंकजाला एकच गोष्ट ऐकू आली, भीती. कुणाची भीती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुकानात येऊन तिनं पुन्हा ती फाईल उघडली. गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर माहितीच्या खिडकीत वर्णनाच्या रकान्यात लिहायचा, असा दुकानाचा नियम होता. तो रकाना रिकामा होता. मग तिला निकिताचा एक जुना वाद आठवला. 'ताई, नंबर वर्णनात नाही लिहायचा. हेल्पमध्ये दिलंय, त्याला वेगळं पान असतं.' पंकजानं तेव्हा उडवून लावलं होतं. हेल्प तुझ्याआधी मी वाचलीय म्हणाली होती. आता तिनं हेल्प उघडली, 'संपर्क' असं इंग्रजीत टाइप केलं आणि वाचलं. निकिताचं बरोबर होतं. त्याच खिडकीत चौथं पान होतं, पंकजानं आजवर कधीच न उघडलेलं.

त्यावर नाव नव्हतं, फक्त दहा आकडे होते. म्हणजे या फ्लेक्सला गिऱ्हाईक होतं. आणि सवयीनं म्हणा की जाणून, निकितानं त्याचा नंबर मागे ठेवला होता.

पंकजानं ते आकडे आपल्या मोबाईलवर दाबले. शेवटचा आकडा पडायच्या आतच पडद्यावर नाव आलं. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीचे फ्लेक्स करताना तिनंच जतन केलेलं नाव.

बिभीषण नाना.

५

शनिवारी दुपारी पंकजा हवालदार गोरक्ष यांना घेऊन वस्तीवर गेली. तिनं त्यांना रस्त्यात सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "ताई, नाना गावात वजनदार माणूस आहे. चुकलात तर तुम्हाला दुकान चालवणं अवघड होईल." ती म्हणाली, "चुकणार नाही."

पुढच्या खोलीत बिभीषण नाना लोखंडी खाटेवर बसला होता, हनुमंत उंबऱ्यात. साळूबाई पाणी देऊन आत चुलीपाशी गेली.

पंकजा उभीच राहिली. दोन दिवस मनात घोळवलेलं तिनं एका दमात सांगितलं. तो काळा रंग निकिताच्याच हातचा होता. फाईल सोमवारची, त्यात मरणाची तारीख बुधवारची. दुकानात सोमवारी दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या आधीच्याच आठवड्यात नानांनी तिला धमकी दिली होती. फ्लेक्सची गाठ या घरातली होती.

"पोरगी बुधवारी पळाली, असं गाव म्हणतं," ती म्हणाली. "पण ती कधी मरणार हे सोमवारीच कुणीतरी ठरवलं होतं. तिच्याकडूनच लिहून घेतलं. आणि गिऱ्हाइकाचा नंबर म्हणून जो नंबर फाईलमध्ये आहे, तो तुमचा आहे, नाना. निकिता कुठंय?"

नानाचं तोंड उघडं पडलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल असं पंकजाला वाटलं होतं. पण तिथं गोंधळ होता, खराखुरा.

"सोमवारी?" तो म्हणाला. "बुधवारी ती जाईस्तवर मला काय ठावं? फ्लेक्स मी न्हाई लावला. मला वाटलं, ह्या हन्मंतानं फोन करून कुनाकडनं तरी लावून घेतला. माझ्या नावानं लावला, पोराला अक्कल आली म्हनून मी गप बसलो."

"मी?" हनुमंत उठून उभा राहिला. "मला वाटलं तुमी."

"नंबर सांगा ताई," हवालदार म्हणाले. पंकजानं आकडे सांगितले आणि ते दाबू लागले.

"त्यो नंबर माझा न्हाई आता," नाना म्हणाला. "दोन वरीस झाली. नवा फोन घेतला तवा जुना कार्डासकट..."

तो वाक्याच्या मध्येच थांबला. घरात फोन वाजायला लागला होता.

आतून वाजत होता. चुलीपाशी, डब्यांच्या मागं कुठंतरी.

पंकजाला त्या क्षणी सगळं समजलं. ते 'सा म्हैनं', तो न उडणारा रंग, ते कोरडे डोळे. 'तुमी याच्यात पडू नगा.' मोळीची गाठ या घरात फक्त पुरुषांनाच येत नव्हती. नोंदी सगळ्या खऱ्या होत्या, त्यातून माणूस तेवढा तिनं चुकीचा काढला होता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, मी चुकले, फोन बंद करा. पण फोन वाजतच राहिला.

६

साळूबाई स्वतःच बाहेर आली. हातात बटणांचा जुना फोन होता.

"माझा हाय," ती म्हणाली. "लेकीनं केला, मी बांधला. पहाटं एकलीनं जाऊन बांधला."

"वहिनी!" नाना ओरडला.

"मावशी, मुलगी जिवंत आहे का?" हवालदारांनी विचारलं.

"जित्ती हाय. राजीखुशीनं गेली. एकवीस वर्साची हाय."

"मग हे श्रद्धांजलीचं कशासाठी?"

साळूबाईनं दिराकडं बघितलं नाही, पोराकडंही नाही. ती पंकजाकडं बघत बोलली. "ही मान्सं पोलिसाला भेत न्हाईत. कायद्याला बी न्हाई. लोकाच्या तोंडाला तेवढी भेत्यात. आपल्या नावानं येकदा मेली म्हनून लागलं, चार लोकांनी चांगलं म्हनलं, की मंग मेलेलीला हुडकाया कोन जातंय? तीन दिस कोन न्हाई गेलं. तुमी आल्या."

हवालदारांनी सुस्कारा टाकला. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं, सज्ञान मुलगी, स्वखुशीनं गेलेली. वहीत दोन ओळी लिहून, नानांना "काही वेडंवाकडं करू नका" असं बजावून ते बाहेर पडले. मोटरसायकलचा आवाज लांब गेला.

मग हनुमंतानं हात पुढं केला. "फोन दे."

"न्हाई देनार."

त्यानं तिचं मनगट धरलं आणि फोन काढून घेतला. पंकजा मध्ये पडली तर त्यानं तिला कोपरानं बाजूला सारलं. हवालदारांचा सोडला, तर फोनमध्ये बाहेरून आलेला एकच अनोळखी नंबर होता, गुरुवार संध्याकाळचा. हनुमंतानं तो आपल्या मोठ्या फोनवर टाकला. नाव सांगणाऱ्या ॲपनं ते लगेच दाखवलं, आणि त्याच्या खांद्यावरून पंकजालाही ते दिसलं. रतनबाई खानावळ, संगमनेर.

त्यानं आईच्याच फोनवरून तो नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो," एका बाईचा मोकळा आवाज आला. "अगं बाई, आईचा फोन! थांबा हं, बोलावते. निकिता, ए निकिता! तुझी आई!"

धावत आलेल्या चपलांचा आवाज. मग धाप लागलेला, हसरा, पंकजाच्या रोजच्या ओळखीचा आवाज.

"आई? झालं ना गं सगळं नीट?"

हनुमंतानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी साळूबाई किंचाळली. त्या बाईच्या अंगात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. "निके, त्यांस्नी कळलं! ऊठ तिथनं! जा, कुठं जाती मला सांगू नगं, जा!"

मग फोन तुटला.

नानानं साळूबाईच्या थोबाडीत मारली. हनुमंत टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पडलाच होता. पंकजा त्याच्यामागं धावली, टेम्पोच्या दाराला धरून म्हणाली, "हनुमंता, तुझी सख्खी बहीण आहे रे." तो म्हणाला, "आता गावाला ठावं हुनारच, ताई. तुमीच केलं." आणि त्यानं गाडी काढली.

तिनं हवालदारांना फोन केला. संगमनेरला कळवतो, ते म्हणाले. कळवलं की नाही, ते तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

७

रविवारी पहिल्या गाडीनं पंकजा नगरला गेली आणि तिथून संगमनेरला. रतनबाईची खानावळ प्रवरेच्या पुलाकडच्या एका गल्लीत होती. विचारत विचारत पोचायला अकरा वाजले. वर पत्र्याची एक खोली होती. निकिता ज्याच्याबरोबर गेली त्या, दूध संघात लागलेल्या समर्थनं ती पंधरा दिवसांपूर्वी भाड्यानं घेतली होती.

रतनबाई कपाळाला हात लावून बसली होती. "काल फोन आला, तोवर पोरगी चांगली होती हो. नंतर मी भाजी आणायला बाजारात गेले. आले तर खोली सताड उघडी. दोघंही नाहीत. संध्याकाळी एक टेम्पोवाला आला, खोलीत शिरून बघून गेला. पण त्याच्या आधी दुसरं कुणी आलं होतं का, ते मी कसं सांगू? मी इथं होतेच कुठं?"

पंकजा वर गेली. दोरीवर ओला टॉवेल होता. परातीत मळलेली कणीक, वरून सुकलेली. भिंतीला टेकून ठेवलेली कपड्यांची पिशवी तशीच. तिनं प्रत्येक वस्तू नीट पाहून घेतली. इतकी वर्षं पॅनेलवरचे आकडे वाचून तिला बारकाईनं बघायची सवय लागली होती, पण या खोलीतून तिला काही वाचता येईना. ती दोघं स्वतः पळाली, की कुणी ओढून नेली? हनुमंतानं वाटेतून दुसऱ्या कुणाला पुढं धाडलं असेल तर? खोली दोन्ही उत्तरं देत होती.

हनुमंत रविवारी दुपारी परतला आणि कुणाशीच बोलला नाही. सोमवारी तो नेहमीसारखा स्टँडवर टेम्पो घेऊन उभा होता. चौकातला फ्लेक्स कुणीतरी फाडून टाकला होता. रेलिंगला नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. गावात आता वेगळंच बोललं जात होतं, की आईनंच पोरीला पळवलं, नानाला साऱ्या गावात येडं केलं. खांद्यावर हात ठेवायला कुणी येत नव्हतं.

नाना शेतावर गेल्याचं बघून पंकजा वस्तीवर गेली. साळूबाई मागच्या दारी भांडी घासत होती. गालावर काळंनिळं पडलं होतं. पंकजा तिच्याजवळ उकिडवी बसली.

"मावशी, मी चुकले."

साळूबाई भांडी घासत राहिली.

"तिनं मला सांगायला हवं होतं," पंकजा म्हणाली. म्हणायचं नव्हतं, तरी निघून गेलं. "मी तिच्यासाठी काहीही केलं असतं."

"ती सांगनारच व्हती. मीच नगं म्हनले. मी म्हनले, तुजी ताई हुशार हाय, पन तिला सगळं समजून घ्यायचं आसतं. समजलं की बोलून दाखवायचं आसतं."

मग पंकजानं संगमनेरच्या खोलीचं सांगितलं. टॉवेल, कणीक, पिशवी, उघडं दार. साळूबाईचे हात थांबले.

"चपला व्हत्या का दारात?"

पंकजानं आठवून बघितलं. "नाही. एकही नाही."

"दोघांच्या बी न्हाईत?"

"दोघांच्याही नाहीत."

"आन् गॅस?"

"बंद होता. खालून, टाकीपाशी."

साळूबाईनं डोळे मिटले. तिच्या ओठांची हालचाल होत होती, पण शब्द ऐकू येत नव्हते. मग ती म्हणाली, "ओढून नेत्यात त्याला चप्पल घालाया देत न्हाईत. गॅस बंद कराया बी देत न्हाईत. आपल्या पायानं गेली ती."

"मग आपण तिला शोधू शकतो. मी चौकशी करते. समर्थचे मित्र असतील, दूध संघात कुणाला तरी..."

"नगा."

"निदान तुम्हाला तरी कळायला हवं, ती कुठं आहे ते."

"मीच तिला म्हनले न्हवं, कुठं जाती मला सांगू नगं." साळूबाईनं राखेचा हात पाण्यात बुडवला, परत काढला. "ती माझं ऐकती. आता न्हाई सांगायची कवाच."

पंकजा उठली. "काही लागलं तर..." ती म्हणाली.

साळूबाईनं घासलेली परात धुतली, उन्हाला टेकवून ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडं मान वर करून बघितलं.

"लागंल ते येवढंच, ताई," ती म्हणाली. "माझ्या दारात पुन्यांदा येऊ नगा."